क्वेरी फसली तरी ट्रायकॅच गप्प का? आर आणि एसक्यूएलवाल्यांना प्रश्न

विचलन

नमस्कार मंडळी. आर (R) या संख्याशास्त्राच्या भाषेत लिहिलेली आमची एक स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालते. ती आरओडीबीसी पॅकेजमधून डेटाबेसला जोडते, एकामागून एक क्वेरी (एसक्यूएलमध्ये लिहिलेले प्रश्न) चालवते, आलेले डेटाफ्रेम (आरमधले तक्ते) एकमेकांना जोडते आणि सकाळपर्यंत सारांशाचे तक्ते तयार ठेवते. प्रत्येक क्वेरीभोवती ट्रायकॅच (एरर पकडायची आरमधली सोय) लावलेला आहे, चूक झाली तर लॉगमध्ये नोंद व्हावी म्हणून.

गेल्या आठवड्यात डेटाबेसवाल्यांनी एका कॉलमचं नाव बदललं. आमची क्वेरी साहजिकच फसली. पण लॉगमध्ये त्या क्वेरीबद्दल चकार शब्द नाही! स्क्रिप्ट बरीच पुढे जाऊन एका निरुपद्रवी ओळीवर कोसळली: 'डॉलरचं चिन्ह अॅटॉमिक व्हेक्टरला चालत नाही' अशा अर्थाची एरर. मूळ कारण शोधायला अर्धा दिवस गेला.

दोन प्रश्न. ट्रायकॅचने ही चूक का पकडली नाही? आणि दुसरा, जास्त व्यापक: क्वेरीतून आलेला डेटा बरोबर आहे हे तुम्ही स्क्रिप्टमध्ये नेमकं कसं तपासता? माझ्याकडे 'ओळी शून्य तर नाहीत ना' याव्यतिरिक्त काही नाही.

---

खुंटी

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आरओडीबीसीचं एसक्यूएलक्वेरी हे फंक्शन चूक झाल्यावर आरची एरर फेकतच नाही. त्यात एरर्स नावाचा आर्ग्युमेंट असतो आणि तो मुळातच ट्रू असतो. त्याचा अर्थ 'एरर आली तर थांब' असा नसून 'एररचा मजकूर उत्तर म्हणून परत दे' असा आहे. म्हणजे तुमच्या व्हेरिएबलमध्ये डेटाफ्रेमऐवजी अक्षरांचा व्हेक्टर येऊन बसतो. नीट उघडून पाहिलात तर त्यात ४२एस२२ हा कोड दिसेल, म्हणजे 'असा कॉलम नाही'. टेबलच नसेल तर ४२एस०२. ट्रायकॅचच्या दृष्टीने सगळं सुरळीत पार पडलेलं असतं, तो बोलणार कशाला?

एरर्स फॉल्स केलंत तर मजकुराऐवजी -१ परत येतो आणि मजकूर ओडीबीसीगेटएररमेसेज (odbcGetErrMsg) या फंक्शनने वेगळा मागावा लागतो. -२ आला तर 'डेटा नाही', ती चूक असेलच असं नाही.

तुमची शून्य ओळींची तपासणीसुद्धा इथे उपयोगाची नाही. अक्षरांच्या व्हेक्टरवर एनरो (ओळी मोजणारं फंक्शन) चालवलं की नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो, आणि इफमध्ये नल गेला की 'आर्ग्युमेंटची लांबी शून्य' अशी तिसरीच एरर येते.

आरओडीबीसी सोडता येत नसेल तर एसक्यूएलक्वेरीभोवती स्वतःचं छोटं फंक्शन गुंडाळा. उत्तर आलं की इज डॉट डेटा डॉट फ्रेम विचारायचं, नाही म्हणालं की तो मजकूर आणि क्वेरीचं नाव घालून स्टॉप करायचं. मग तुमचा ट्रायकॅच कामाला लागेल.

---

टिंब

खुंटी यांच्याशी सहमत, पण शक्य असेल तर डीबीआय आणि ओडीबीसी या पॅकेजांच्या जोडीकडे वळा. डीबीगेटक्वेरी चूक झाली की खरीखुरी एरर फेकतं. अपडेट, डिलीट यांसाठी डीबीएक्झिक्यूट आहे, ते किती ओळींवर परिणाम झाला तो आकडा परत देतं. तो आकडा फेकून देऊ नका. अपडेट 'यशस्वी' झालं आणि बदललेल्या ओळी ० असं होतं तेव्हा एरर येत नाही.

ट्रायकॅचबद्दलही एक. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये असं दिसतं की एरर आली की फंक्शन नल परत देतं आणि गाडी पुढे. हे चूक पकडणं नव्हे, लपवणं आहे. लॉगमध्ये लिहा आणि पुन्हा स्टॉप करा. कनेक्शन बंद करण्याचं काम ऑन एक्झिटवर सोपवा, म्हणजे मधेच कोसळलं तरी कनेक्शन लोंबकळत राहत नाही.

पोस्टग्रेसवर ट्रान्झॅक्शनच्या आत काम करत असाल तर आणखी एक गंमत. एक क्वेरी फसली की त्यानंतरची प्रत्येक क्वेरी 'चालू ट्रान्झॅक्शन रद्द झालं आहे' म्हणून नाकारली जाते, रोलबॅक करेपर्यंत (म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घेईपर्यंत). ट्रायकॅच लावून लूप पुढे रेटलात तर लॉगमध्ये पन्नास एरर दिसतील आणि त्यातली पहिलीच खरी असेल. माणसं मात्र लॉग खालून वर वाचतात.

---

विचलन

खुंटी, टिंब, दोघांचे आभार. गुंडाळी फंक्शन लिहिलं, काम झालं. पण त्यातून एक नवीनच सापडलं: एका स्टोअर्ड प्रोसीजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमच्या) कॉलमधून डेटाफ्रेम येतच नाही, रिकामा कॅरेक्टर व्हेक्टर येतो. तीच प्रोसीजर डेटाबेसच्या खिडकीत चालवली की ओळी दिसतात. एसक्यूएल सर्व्हर आहे.

---

खुंटी

प्रोसीजरच्या सुरुवातीला सेट नोकाउंट ऑन आहे का पाहा. नसेल तर आतल्या प्रत्येक इन्सर्ट-अपडेटचा 'इतक्या ओळींवर परिणाम' हा संदेश आधी येतो आणि पॅकेज त्यालाच पहिलं उत्तर समजतं. प्रोसीजर बदलायचा अधिकार नसेल तर तुमच्या क्वेरीच्या मजकुरातच आधी ती ओळ घाला.

---

विचलन

तेच होतं! आता दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेल का?

---

उजवी_बाजू

मी वळतो. एरर फेकणाऱ्या क्वेरीची मला भीती वाटत नाही, ती आपली तक्रार स्वतःच सांगते. विना-एरर चालून चुकीचा आकडा देणाऱ्या क्वेरीच रिपोर्टमध्ये पोचतात. जरा विस्ताराने लिहितो, फोनवरून लिहीत असल्यामुळे कोडमधली नावंही देवनागरीतच आहेत, सांभाळून घ्या.

तुमचंच कॉलमच्या नावाचं उदाहरण घ्या. तुमचं नशीब चांगलं की क्वेरी फसली. समजा क्वेरी अशी असती: 'रुग्ण' टेबलातून त्या ओळी द्या ज्यांचा रुग्ण_क्र 'भेटी' टेबलातल्या रुग्ण_क्रमध्ये आहे, आणि आतली यादी इन लिहून सबक्वेरीने काढली असती. आता भेटीमधल्या कॉलमचं नाव बदललं. एरर येईल? नाही. सबक्वेरीला आत तो कॉलम सापडला नाही की ती बाहेरच्या टेबलात शोधते, तिथे रुग्ण_क्र आहेच. मग अट होते 'रुग्ण_क्र हा रुग्ण_क्रच्या बरोबरीचा आहे का', आणि भेटीमध्ये एक जरी ओळ असली तरी जवळजवळ सगळे रुग्ण परत येतात. हे कुठल्या एका डेटाबेसचं वेड नाही, प्रमाण एसक्यूएलचाच नियम आहे. उपाय एकच: सबक्वेरीतल्या प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलाचं टोपणनाव लिहायचं, कितीही कंटाळा आला तरी.

एसक्यूलाइटवर तर दुहेरी अवतरणातलं नाव कॉलम म्हणून सापडलं नाही तर तो त्याला साधा मजकूर समजतो. कॉलमच्या नावात एक अक्षर चुकलं की प्रत्येक ओळीत तेच चुकलेलं नाव छापून येतं. जुन्या कोडसाठी ठेवलेली ही सवलत आहे, ती बंद करायची सोयही आहे, पण बंद करतं कोण!

मग नल, म्हणजे न नोंदलेली किंमत. १०० ओळी आहेत, गट 'अ' ४०, गट 'ब' ५०, आणि १० जणांचा गट नोंदलेलाच नाही. 'अ सोडून सगळे द्या' म्हटलं की किती येतील? ५०. त्या दहांबद्दल 'अ नाही' हे खरंही नाही आणि खोटंही नाही, म्हणून ते गाळले जातात. नॉट इनचं तर याहून वाईट. यादीत एक जरी नल शिरला तर उत्तरात शून्य ओळी. त्याजागी नॉट एक्झिस्ट्स वापरा.

लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजवं टेबल जोडणं) करून उजव्या टेबलाच्या कॉलमवर व्हेअरमध्ये अट घालणं हा माझा सर्वात नावडता प्रकार (आयडीवरून कळलंच असेल). ज्यांची जोडी नाही त्यांच्या उजव्या बाजूला नल असतो, व्हेअर त्या ओळी काढून टाकतं आणि तुमचा लेफ्ट जॉइन गुपचूप इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी) होतो. अट ऑनमध्ये जायला हवी. संख्याशास्त्रात याचा परिणाम थेट भाजकावर होतो. फॉलोअपला न आलेले लोकच गायब झाले तर टक्केवारी छान दिसणारच.

शेवटी जॉइनने ओळी फुगणं. तीन बिलं: ५००, ५००, ३००. बेरीज १३००. प्रत्येकाला दोन हप्त्यांच्या नोंदी जोडल्या की बेरीज २६००. इथे लोक घाईने सम डिस्टिंक्ट लावतात आणि ८०० मिळवतात, कारण दोन खरी ५०० ची बिलं एकच धरली जातात. आधी हप्ते बिलागणिक एकत्र करा, मग जोडा.

---

नवशिकी

सम डिस्टिंक्टवालं वाचून आमची एक फाईल उघडायला निघाले 😬

---

प्रोक_कट्टा

उजवी_बाजू, उत्तम प्रतिसाद. सॅस (SAS) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी भर घालते, कारण आमच्याकडे नलचं वागणंच वेगळं आहे.

सॅसमध्ये रिकामी संख्या ही कुठल्याही संख्येपेक्षा लहान मानली जाते. प्रोक एसक्यूएलमध्ये (सॅसच्या स्वतःच्या एसक्यूएलमध्ये) 'वय १८ पेक्षा कमी' लिहिलंत की ज्यांचं वय नोंदलेलं नाही ते सगळे अल्पवयीन ठरतात. तीच ओळ पास-थ्रूने डेटाबेसकडे पाठवली तर ते लोक गळतात. क्वेरी अक्षरशः तीच, जागा बदलली की उत्तर बदललं. 'वय नोंदलेलं आहे' ही अट स्वतंत्रपणे लिहिणं हाच मार्ग.

चूक पकडायला प्रोक एसक्यूएल प्रत्येक स्टेटमेंटनंतर एसक्यूएलआरसी हा मॅक्रो व्हेरिएबल भरतो. ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे वॉर्निंग, ८ म्हणजे एरर. किती ओळी आल्या ते एसक्यूएलऑब्समध्ये. पास-थ्रू असेल तर डेटाबेसचा स्वतःचा कोड एसक्यूएलएक्सआरसीमध्ये पाहायचा. आणि सिलेक्टच्या आधी व्हॅलिडेट लिहिलं तर क्वेरी न चालवता नुसती तपासली जाते. मोठ्या टेबलावर तासभर थांबून स्वल्पविराम राहिल्याचं कळण्यापेक्षा बरं.

लॉगमधल्या साध्या नोट्सही वाचा, फक्त लाल ओळी नाही. 'सारांशाचे आकडे मूळ डेटाला परत जोडावे लागले' अशा अर्थाची रीमर्जिंगची नोट दिसली तर बहुतेक वेळा ग्रुप बायमध्ये एखादा कॉलम राहिलेला असतो. दुसरे डेटाबेस इथे एरर देतात, सॅस नोट देऊन पुढे जातो. मायएसक्यूएलही ५.७.५ आवृत्तीच्या आधी अशी क्वेरी मुकाट चालवायचा आणि गटातली कुठली तरी एक किंमत उचलून द्यायचा.

क्लिनिकल ट्रायलच्या कामात महत्त्वाचे तक्ते दोन प्रोग्रॅमर एकमेकांचा कोड न बघता लिहितात आणि प्रोक कम्पेअरने निकाल ताडून पाहतात. हे महाग आहे, रोजच्या रिपोर्टला परवडणार नाही. पण कळीच्या एक-दोन आकड्यांसाठी मी अजूनही कोणाला तरी वेगळ्या वाटेने तो आकडा काढायला सांगते.

---

नियमावली

एवढं सगळं स्क्रिप्टमध्ये तपासायची वेळच का यावी? प्रायमरी की, फॉरेन की, नॉट नल, चेक कन्स्ट्रेंट हे डेटाबेसचे नियम कशाला असतात? डेटाबेस नीट बांधला की निम्मे प्रतिसाद गरजेचे राहत नाहीत. संख्याशास्त्रवाले डेटाबेसला सीएसव्हीची गोणी समजतात, ही खरी अडचण.

---

उजवी_बाजू

@नियमावली, गोणीबद्दल मान्य 😀 पण दोन मुद्दे. आम्हाला बहुतेक ठिकाणी फक्त वाचायचा अधिकार मिळतो, कन्स्ट्रेंट लावणं हातात नसतं. आणि कन्स्ट्रेंट डेटाची चूक पकडतो, प्रश्नाची नाही. वरच्या बिलांच्या उदाहरणात सगळ्या की जागेवर होत्या, एकही कन्स्ट्रेंट मोडला नव्हता, तरी २६०० आलेच. जॉइन चूक होता.

---

नियमावली

फुगवट्यापुरतं मान्य. तरी नॉट इनमध्ये नल शिरला यात मी डेटाबेस बांधणाऱ्यालाच धरीन.

---

टिंब

क्वेरी आणि स्क्रिप्ट यांच्या मधल्या सांध्यावर कोणी बोललं नाही. तिथेही बरंच सांडतं.

आरमध्ये पेस्ट वापरून क्वेरी जुळवत असाल तर १००००० हा आकडा पेस्ट करून बघा. 'एक ई अधिक शून्य पाच' असा वैज्ञानिक पद्धतीने छापला जातो. १२३४५६ मात्र नीट छापला जातो. कॉलम संख्येचा असेल तर बहुधा निभावतं, पण आयडी मजकूर म्हणून साठवलेला असेल तर नेमका तोच एक ग्राहक सापडत नाही, बाकी सगळे सापडतात. आयडींची यादी रिकामी निघाली तर इनच्या कंसात काहीच नाही, म्हणून अनेक डेटाबेस सिंटॅक्स एरर देतात. नावात अवतरणचिन्ह आलं तर वेगळाच गोंधळ. पेस्ट सोडा, पॅरामीटर बांधा किंवा ग्लू_एसक्यूएल वापरा.

परतीच्या वाटेवर आरओडीबीसी मजकुराच्या कॉलमचं रूपांतर स्वतःच्या अकलेने करतं. '००७' चा ७ होतो, आणि पुढचा जॉइन जुळत नाही. अॅज डॉट इज ट्रू ठेवा. फार मोठे आयडी संख्या म्हणून आले तर २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, याच्या पुढे आरची साधी संख्या प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. दोन वेगळे आयडी एक होतात.

तारखांचंही सांगतो. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळ असेल आणि तुम्ही '१ ते ३१ जानेवारी' असं बिटवीन लिहिलंत, तर ३१ म्हणजे ३१ तारखेची मध्यरात्र, दिवस उजाडायच्या आधीची. त्या दिवसाचं बाकी सगळं गेलं. '१ जानेवारी किंवा नंतर, आणि १ फेब्रुवारीच्या आधी' असं लिहा.

---

विचलन

हे सगळं वाचून आधी झोप उडाली 😅 एक शंका. सरासरी, प्रमाण विचलन वगैरे डेटाबेसमध्येच काढावं की आरमध्ये? आमच्या एका तक्त्यात दोन्हीकडचे आकडे थोडे वेगळे येतात, आणि ते 'राउंडिंग' म्हणून सोडून दिलेलं आहे.

---

उजवी_बाजू

राउंडिंग म्हणून काहीही सोडू नका! तुमच्या आयडीला तरी जागा 🙂

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. आरचं एसडी २.१३८ देईल, कारण ते ७ ने भागतं. मायएसक्यूएलचं एसटीडीडीईव्ही २ देईल, कारण ते ८ ने भागतं. पोस्टग्रेसमध्ये त्याच नावाचं फंक्शन ७ ने भागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोघांना वेगळी नावं आहेत, शेवटी पी असलेलं ८ ने भागतं. मोठ्या नमुन्यात फरक इतका बारीक होतो की राउंडिंगच वाटावा.

सरासरीचंही तसंच. एव्हीजी नल गाळून सरासरी काढतं, आरचं मीन मुळात एनए ('माहीत नाही') परत देतं आणि तुम्हाला विचार करायला लावतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांक कॉलमची एव्हीजी पूर्णांकच येते, दशांश भाग कापून. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये १ भागिले २ म्हणजे ०, मायएसक्यूएलमध्ये ०.५. टक्केवारीचा कॉलम सगळा शून्य आला तर कारण शोधायला लांब जाऊ नका.

जॉइन डेटाबेसमधून आरमध्ये हलवत असाल तर आणखी एक. एसक्यूएलमध्ये नल नलशी जुळत नाही. आरमधल्या डीप्लायर पॅकेजचे जॉइन एनएला एनएशी जुळवतात, पायथनचं पांडासही. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर रिकामे आयडी असतील तर दहा हजार ओळी फुकटात. डीप्लायरमध्ये एनए_मॅचेस 'नेव्हर' ठेवा.

---

प्रोक_कट्टा

ऑर्डर बाय न लिहिता ओळींच्या क्रमावर विसंबणाऱ्यांनाही सांगा कोणीतरी. सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) पक्का ठेवून नमुना काढतात, आणि डेटाबेसने ओळी वेगळ्या क्रमाने दिल्या की त्याच सीडवर वेगळे लोक निवडले जातात. मग 'कोड तोच, सीड तोच, निकाल का बदलला' म्हणून धागे निघतात.

---

विचलन

प्रमाण विचलनाचं तेच निघालं, त्या तक्त्याचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे. आता व्यावहारिक प्रश्न. एवढ्या तपासण्या प्रत्येक क्वेरीला लावल्या तर स्क्रिप्ट रोज रात्री कुठे ना कुठे थांबेल, आणि सकाळी तक्तेच नसतील. तुम्ही कुठे थांबवता?

---

उजवी_बाजू

माझी रीत सांगतो, पटली तर घ्या. क्वेरी लिहायच्या आधी कॉमेंटमध्ये एक वाक्य लिहायचं: एक ओळ म्हणजे काय? 'एका रुग्णाची एका महिन्यातली एक ओळ'. हे वाक्य लिहिता येत नसेल तर क्वेरी लिहू नये. मग तपासणी आपोआप सुचते: रुग्ण आणि महिना मिळून पुनरावृत्ती आहे का. एनीड्युप्लिकेटेड एका ओळीत सांगतं. ही मोडली की स्टॉप, दयामाया नाही, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर उभे आहेत.

स्टॉपच्या यादीत आणखी तीनच गोष्टी. अपेक्षित कॉलम त्याच नावांनी आणि त्याच प्रकाराचे आले का. जॉइनच्या आधी आणि नंतर डाव्या बाजूच्या ओळी तेवढ्याच आहेत का, डीप्लायर १.१.१ पासून रिलेशनशिप हा आर्ग्युमेंट आहे, त्यात 'मेनी टू वन' लिहिलं की फुगवटा झाल्यावर तो स्वतःच थांबतो. आणि रकमेची बेरीज मूळ टेबलाच्या बेरजेशी जुळते का, जी वेगळ्या, जॉइन नसलेल्या क्वेरीने काढायची.

बाकी सगळं वॉर्निंग. नलचं प्रमाण कालपेक्षा वाढलं, ओळी नेहमीपेक्षा कमी आल्या, नवीनच गट दिसला: तक्ता बनू द्या, पण त्या तक्त्याच्या डोक्यावरच ती ओळ छापा. लॉगमध्ये नको, लॉग कोणी उघडत नाही.

क्वेरी नवीन असेल तर मेमरीतल्या एसक्यूलाइट किंवा डकडीबीमध्ये दहा-बारा ओळींचं टेबल हाताने भरून चालवतो. त्यात मुद्दाम एक नल, एक दुहेरी नोंद, एक जोडी नसलेला आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्रीची एक नोंद. उत्तर आधी कागदावर काढायचं, मगच चालवायचं. वर सांगितलेले भागाकाराचे फरक लक्षात घेता ही चाचणी मूळ डेटाबेसवरही तात्पुरत्या टेबलात एकदा करावी लागते, हे खरं.

---

नवशिकी

आमच्याकडे पायथन आणि पांडास आहे. हे सगळं तिथेही लागू का?

---

टिंब

एसक्यूएलचं सगळं लागू. मर्जमध्ये व्हॅलिडेट हा आर्ग्युमेंट असतो, 'एम कोलन १' लिहा, उजव्या बाजूला आयडी दुहेरी निघाला की एरर येईल. इंडिकेटर ट्रू केलंत तर कुठली ओळ कुठल्या बाजूने आली त्याचा कॉलम मिळतो, जुळले किती ते मोजता येतं. पूर्णांक कॉलममध्ये एक जरी नल असला तर रीड_एसक्यूएल सहसा तो फ्लोट करून आणतं, आयडीमागे दशांश शून्य लागतं, आणि मजकुरात बदलून जोडलात की काहीच जुळत नाही. एसटीडी मात्र सांभाळून: पांडासचं एक कमी करून भागतं, नमपायचं करत नाही.

---

नवशिकी

दशांश शून्य! म्हणजे तो जॉइन त्यामुळे रिकामा येत होता. सम डिस्टिंक्टचं काय निघालं ते उद्या लिहिते, फाईल ज्यांची आहे ते आज सुट्टीवर आहेत.